मुळशीला जाताय? आधी पाण्याचा अंदाज घ्या!

परीक्षा संपली की ग्रुपवर पहिला मेसेज कसला पडतो? 'गोवा?' त्यावर सतरा अंगठे, चार बदाम आणि 'डन डन डन'. मग तीन-चार दिवसांत एकेक जण गळायला लागतो. एकीला घरून परवानगी नाही, एकाची इंटर्नशिप सुरू होते, एकाकडे पैसेच नाहीत आणि तो ते सांगतही नाही. शेवटी दोन बाईक आणि कुणाच्या तरी बाबांची कार उरते. मग कुणीतरी लिहितं, 'चला रे, मुळशीला तरी जाऊन येऊ.'

तर आज त्या 'मुळशीला तरी'बद्दल.

रस्ता तुम्हाला माहितीच आहे. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. पुण्यातून साधारण चाळीसेक किलोमीटर. पौड सोडल्यावर हवा जरा बदलते, मग झाडांमधून एकदम पाणी दिसतं आणि मागं बसलेला कुणीतरी ओरडतोच, 'अरे, सेम बीच!' मे महिन्यात तर ते खरंच तसं दिसतं. पाणी खाली गेलेलं असतं, हिरवळ वर राहिलेली असते आणि मधे तांबूस-तपकिरी मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो. उन्हात तो लांबून वाळूसारखाच चमकतो. खरा समुद्र तसा फार लांबही नाही. हाच रस्ता पुढं ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जातो, तिथून दिवेआगर, हरिहरेश्वर. सुट्टीच्या दिवशी कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग मुळशीवरूनच पुढं सरकते. बजेट कमी पडलेले आपण अलीकडेच थांबतो आणि त्या तपकिरी पट्ट्यालाच बीच म्हणतो.

इथंच गोष्ट बिघडते.

सध्या मी एका बातम्यांच्या डेस्कवर शिकतेय. उन्हाळ्यात एक बातमी पुन्हा पुन्हा समोर येते. धरणाचं नाव बदलतं, मुलांची वयं थोडीफार बदलतात, कॉलेजचं नाव बदलतं. एक वाक्य मात्र जसंच्या तसं असतं: 'पाण्याचा अंदाज न आल्याने.' खडकवासला असो, पवना असो की मुळशी, 'पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.' इतक्या वेळा वाचलं की ते वाक्य गुळगुळीत होऊन जातं. पण जरा थांबून विचारा ना, अंदाज म्हणजे नक्की कसला? तो यायला काय माहीत असावं लागतं?

सुरुवात तळापासून करू. दिवेआगरसारखा पुळणीचा किनारा लाटांनी घडवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो सावकाश उतरत जातो. घोटा, गुडघा, कंबर असं पाणी वाढत जातं आणि पायाला ते कळतं. समुद्राचे स्वतःचे धोके आहेतच, पण मुळशीचा तळ लाटांनी घडवलेला नाही, माणसांनी घडवलेला आहे. धरण व्हायच्या आधी इथं मुळा नदीचं खोरं होतं आणि डोंगरउतारावर भाताची खाचरं होती. खाचरं म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. प्रत्येक पायरीला बांध आणि बांधाच्या पलीकडे एकदम खाली दुसरं शेत. त्यामुळे काठावरून आत चालत जाताना दहा पावलं पाणी गुडघ्याएवढंच असू शकतं आणि अकरावं पाऊल बांधाच्या पलीकडे पडू शकतं. मधे कुठं जुना ओढा असतो, कुठं नदीचं मूळ पात्र. वरून काहीच दिसत नाही.

त्यात गाळ. काठावरची माती वरून वाळून भेगाळलेली असते, म्हणून टणक वाटते. पाण्याजवळ तीच माती पाय आत घेते आणि पाय ओढून काढायला गेलं की दुसरा पाय आणखी खोल जातो. शिवाय उन्हात पाण्याचा वरचा थर कोमट झालेला असतो, खाली मात्र ते चांगलंच गार असतं. अचानक गार पाणी लागलं की श्वास चुकतो, पोहता येणाऱ्याचाही. स्विमिंग टँकमध्ये चाळीस फेऱ्या मारणारा मित्र इथं तुमचा लाइफगार्ड होऊ शकत नाही. खरा लाइफगार्ड तर काठावर नसतोच.

आणि कुणी बुडायला लागलंच तर? बातम्यांचा दुसरा साचा तिथं असतो: 'त्याला वाचवायला गेलेला मित्रही...' म्हणून हे नीट वाचा. मागून उडी मारू नका. काठावरून फेकता येईल ते फेका. दोरी, एकमेकींना बांधलेल्या ओढण्या, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन किंवा मोठी बाटली, लांब काठी. आडवं झोपून काठी पुढं करा, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. जोरात ओरडा, कारण पट्टीचं पोहता येणारं आणि तळ माहीत असलेलं माणूस जवळच्या वाडीतच असतं. पाण्यातून मृतदेह काढायलाही बऱ्याचदा गावातलीच पोरं उतरतात. तीही तुमच्याच वयाची असतात, हे लक्षात असू द्या. फोन ११२ ला, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला. रेंज नसेल तर एकानं गाडी काढून रेंज मिळेल तिथपर्यंत जायचं. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला काय सांगायचं ते मला माहीत नाही. त्याला गाडीत बसवून ठेवा.

एसबी रोडवाला बापट

आता त्या पाण्याखालच्या शेतांबद्दल. ती कुणाची होती?

एसबी रोडला तुम्ही कॉफी प्यायला जाता ना? त्यातला 'एसबी' म्हणजे सेनापती बापट. ते कुठल्या सैन्याचे सेनापती होते, असं कधी वाटलं का तुम्हाला? पांडुरंग महादेव बापट, मूळचे पारनेरचे. एडिंबराला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि क्रांतिकारकांच्या नादाला लागून परतले. 'सेनापती' ही पदवी त्यांना लोकांनी दिली, ती मुळशीत.

टाटांच्या कंपनीला मुंबईसाठी वीज तयार करायची होती. त्यासाठी मुळा नदीवर धरण, आणि धरणासाठी इथल्या पन्नासच्या आसपास गावांची जमीन. सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला दिला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. बायकाही होत्या. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. बापटांबरोबर विनायकराव भुस्कुटे होते आणि पुढं तीनेक वर्षं हा लढा चालला. तुरुंगवास झाले, माराचा तर हिशेबच नाही. बापटांना पुढं रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. राजकारणाचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

लढा हरला. धरण झालं.

यात एक तिढा आहे, तो मला सगळ्यात जास्त आजचा वाटतो. बरीचशी जमीन कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती आणि ती कसत होते मावळे. सावकारांना नुकसानभरपाई हवी होती, मावळ्यांना जमीन हवी होती. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला पैसे. ज्याचा घाम, त्याला काय? २०१८ मध्ये प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हा आपण थिएटरात शिट्ट्या मारल्या, डायलॉग पाठ केले. जमीन गेल्यावर पुढच्या पिढीचं काय होतं, हेच त्या सिनेमात होतं. शंभर वर्षांच्या अंतरानं तीच गोष्ट त्याच तालुक्यात. हिंजवडी याच मुळशी तालुक्यात येतं, लवळ्याचे कॅम्पसही. म्हणजे तुमच्यातले काही जण 'मुळशीला जाऊ या' म्हणतात तेव्हा ते मुळशीतच बसलेले असतात!

पाणी जातं कुठं?

मुळा नदी पुण्यात येऊन मुठेला मिळते, पुढं भीमा, मग कृष्णा, मग थेट बंगालचा उपसागर. भूगोलात हेच लिहिलं आणि मार्क मिळवले. पण मुळशी धरणात अडलेलं पाणी उलट्या दिशेनं जातं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून ते पश्चिमेला नेलं जातं, पाइपांतून पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडलं जातं आणि रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजकेंद्रात त्यातून वीज तयार होते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. आज तिथली क्षमता ३०० मेगावॉट आहे. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिका नदीत पडतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं.

तुम्ही कोलाडला राफ्टिंग केलंय? भर उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांमध्ये दगड दिसत असताना कुंडलिकेला तेवढं उसळतं पाणी कुठून येतं, हा प्रश्न पडला होता का? राफ्टिंगवाले सकाळी लवकर या म्हणून मागं लागतात, कारण वीज तयार करून सोडलेलं पाणी त्या वेळेला येतं. तुमच्या होडीखाली उसळतो तो मुळशीत पडलेला पाऊस. मला विचाराल तर सुट्टीतला सगळ्यात भारी भूगोलाचा तास हाच आहे, फक्त लाइफ जॅकेट घालून बसायचं.

हे पाणी पूर्वेला, पुणे-पिंपरीकडे वळवावं अशी मागणी अधूनमधून होते. का होते तेही कळतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या जरा वर भरतात. एकट्या मुळशीत त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी मावतं. पण पुणं की मुंबई या भांडणात काठावरची गावं कुणाच्या यादीत असतात?

ताम्हिणीचा पाऊस ऐकलाय? जुलै २०२४ मध्ये तिथं चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण साडेसातशे पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरातल्या वाड्यांवर मे महिन्यात बाया हंडा घेऊन उतरण उतरत असतात. कारण सोपं आहे. खाली काळा कातळ, वर तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरायच्या आत धावत सुटतं. डोंगरातले झरे एप्रिलमध्ये आटतात. धरणाचं पाणी डोळ्यासमोर असतं, पण ते खाली आणि दूर गेलेलं असतं आणि घरं वर असतात. तुम्ही काठावर गाडी धुता, साबण लावून आंघोळ करता, बाटल्या तिथंच टाकता. त्याच काठावर कुणीतरी गुरं पाजायला आणतं, कुणी कपडे धुतं. काही ठिकाणी प्यायचं पाणीही तिथलंच.

जाता जाता एक. याच तालुक्यात, पण वेगळ्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठावर एक आख्खं शहर समुद्रकाठचं म्हणून बांधायला घेतलं होतं. लवासा. तिथल्या दासव्याच्या रंगीत इमारती इटलीतल्या पोर्टोफिनो नावाच्या बंदरगावासारख्या केल्यात. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता तिथं फोटो छान येतात, एवढंच.

मे महिन्यात गाव काय करतं?

बरंच काही! आणि ते रिसॉर्टच्या कुंपणातून दिसत नाही.

पहिली गोष्ट, यात्रा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागतात. मुंबईचे डबेवाले दर एप्रिलमध्ये पाच-सहा दिवस सुट्टी घेतात आणि ऑफिसवाल्यांचे जेवणाचे वांधे होतात, ही बातमी तुम्ही वाचली असेल. ते जातात याच यात्रांना. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ही त्यांची गावं. रात्री देवाचा छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या, मग रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती. हा तालुका पैलवानांचा. महाराष्ट्र केसरीची जी गदा दिली जाते ना, ती मामासाहेब मोहोळांच्या नावानं. ते इथल्याच मुठा गावचे. आखाडा बघायला तिकीट नसतं. खाली मातीत बसायचं आणि शेजारच्या आजोबांना डाव विचारायचे. ते सांगतात, आणि तुम्हाला कळलं नाही तर तुमचाच हात धरून दाखवतात.

दुसरी, क्रिकेट. भात काढून रिकाम्या झालेल्या खाचरांचे बांध बाउंडरी होतात. टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, मांडव, माइकवर कॉमेंटरी, यूट्यूबवर लाइव्ह. मुंबईत नोकरीला गेलेली पोरं सुट्टी काढून आपल्या वाडीकडून खेळायला येतात. कॉमेंटरी ऐकायलाच जा. आमच्या मास कॉमच्या वर्गात इतकी चांगली लाइव्ह कॉमेंटरी करणारं एकही जण नाही.

तिसरी गोष्ट कामाची. गावातल्या तुमच्या वयाच्या पोरापोरींची सुट्टी म्हणजे मोकळा वेळ नसतो. पावसाच्या आधी राब भाजायचा असतो. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून वर माती टाकून तो जाळायचा. तण मरतं, राख मिळते. म्हणून डोंगरात धूर दिसला की लगेच 'वणवा' म्हणून रील टाकू नका. खरे वणवेही लागतात, आणि त्यातले काही न विझवलेल्या शेकोटीनं आणि फेकलेल्या सिगारेटीनं लागतात. मग लाकूडफाटा भरायचा, कौलं चाळायची, गुरांचा चारा झाकायचा. पहिल्या मोठ्या पावसानंतर चार महिने हे काहीच करता येत नाही.

आणि करवंदं. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन कातकरी बायका, धनगरांची मुलं बसलेली असतात. करवंदाची जाळी काटेरी असते, एक द्रोण भरायला किती वेळ लागतो ते एकदा स्वतः तोडून बघा. कॅफेत अडीचशेचं बिल न बघता भरणारी माणसं इथं दहा रुपयांवरून घासाघीस करताना दिसली की मला फार विचित्र वाटतं. सुटे पैसे न्या, इथं क्यूआर कोड प्रत्येकीकडे नसतो.

डोंगरात जाणार असाल तर ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. विंझाई देवीची देवराई आहे, आणि नशीब असेल तर आपला राज्यप्राणी शेकरू या झाडावरून त्या झाडावर जाताना दिसतो. तिथं स्पीकर लावायचा नाही, तंबू मनाला येईल तिथं ठोकायचा नाही, परवानगी वनखात्याची. मेअखेरीला वळवाच्या सरी झाल्या की काजवे चमकायला लागतात. त्यांच्यावर टॉर्च मारला की ते विझतात, म्हणून मोबाइल खिशात ठेवून नुसतं उभं राहायचं. पावसाळ्यात मात्र जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघा. २०२४ च्या पावसात या भागातल्या अनेक ठिकाणी बंदी घातली होती.

गाडी नसेल तरी जमतं. पौडपर्यंत पीएमपी आहे, ताम्हिणीमार्गे कोकणात जाणाऱ्या एसटी स्वारगेटवरून सुटतात. उतरलात की आधी टपरीवर चहा घ्या आणि दोन गोष्टी विचारा. या बाजूला पाणी कसं आहे, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता. पहिल्याचं उत्तर 'उतरू नका' असं आलं, तर चहा अजून एक सांगा आणि यात्रा कुठल्या गावाला आहे ते विचारा.